पाटी धरणारा माणूस

नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या कुणालाही पहिल्याच हिवाळ्यात कळतं, की स्पीड स्केटिंग हा इथल्या लोकांच्या जिवाचा विषय आहे. फ्रीसलंड प्रांतातलं हेरेनवेन हे त्याचं माहेरघर. तिथल्या टियाल्फ स्टेडियममध्ये शर्यती बघता बघता माझी नजर स्केटर्सवरून कोचकडे कधी वळली ते कळलंच नाही.

अंतिम रेषेच्या समोरच्या सरळ पट्ट्यावर हे कोच उभे असतात. आपला खेळाडू वळणातून बाहेर आला की कमरेत वाकायचं आणि मागच्या फेरीची वेळ लिहिलेली पाटी पार खाली धरायची, कारण तोही तसाच वाकून येत असतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीतही वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास. पाटी वाचायला मिळतो जेमतेम एक क्षण. तेवढ्यात ओरडून काय सांगायचं ते सांगायचं, लगेच पुढची वेळ टिपायची. 10,000 मीटरला अशा 25 फेऱ्या.

हे काम करणाऱ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते खेरार्ड केमकर्स. स्वतः मोठे स्केटर. 1988 च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये 5,000 मीटरला कांस्यपदक. पुढे होते फक्त स्वीडनचा टोमास गुस्ताफसन आणि केमकर्स यांचाच डच देशबंधू लेओ फिसर. नंतर ते कोच झाले. टीव्हीएम या स्केटिंग संघात त्यांच्या हाताखाली इरीन वुस्त आणि स्वेन क्रामर घडले. क्रामर म्हणजे लांब पल्ल्याचा त्या काळातला अनभिषिक्त राजाच.

आणि तरीही इथे केमकर्स म्हटलं की लोकांना आठवतो तो 23 फेब्रुवारी 2010, व्हँकूव्हर ऑलिंपिक.

नियम साधा आहे. आतलं वळण लहान, बाहेरचं मोठं, म्हणून दोघा स्पर्धकांनी दर फेरीला लेन बदलायची. 5,000 मीटरचं सुवर्ण आधीच जिंकलेला क्रामर 10,000 मीटरमध्येही सुसाट होता. आठेक फेऱ्या उरलेल्या. तो बाहेरच्या लेनकडे निघाला होता, म्हणजे अगदी बरोबर. केमकर्सनी वेळा टिपता टिपता मान वर केली, त्यांना वाटलं हा चुकतोय, आणि ते ओरडले: आत! क्रामरने ऐन वेळी दिशा बदलली आणि चुकीच्या, आतल्या लेनमध्ये शिरला.

त्याने शर्यत पूर्ण केली 12:54.50 मध्ये, सर्वांत वेगवान. रेषा ओलांडून हात वर केले, आणि मग केमकर्सनीच जवळ जाऊन त्याला सांगितलं, की तू बाद आहेस. त्याने गॉगल भिरकावून दिला. सुवर्ण गेलं कोरियाच्या ली सुंग-हूनकडे. तो शॉर्ट ट्रॅक, म्हणजे छोट्या रिंगणावरचं स्केटिंग, सोडून या लांब ट्रॅकवर येऊन वर्षही झालं नव्हतं.

मला त्या दिवसापेक्षा त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. केमकर्सनी कॅमेऱ्यासमोर सरळ सांगितलं, चूक माझी. गोंगाट, गडबड, कशाच्याही आड ते लपले नाहीत. क्रामर सुरुवातीला भयंकर चिडला होता, आणि त्यात त्याचं काय चुकलं? पण त्याने कोच बदलला नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली ही गोष्ट एखाद्या पदकाच्या तोडीची आहे. ज्याच्या एका हाकेने सुवर्ण गेलं, त्याच्याच हाकेवर पुन्हा डोळे मिटून वळायचं, तेही त्या वेगात! आणि केमकर्सनीही पुन्हा पाटी हातात घेऊन त्याच जागी उभं राहायचं. आपण खेळाडूच्या जिद्दीबद्दल भरभरून लिहितो, पण कोचच्या या धैर्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

2014 मध्ये सोची ऑलिंपिकला दोघं बरोबरच गेले. 5,000 मीटरचं सुवर्ण क्रामरने राखलं, 10,000 मीटरला मात्र योरित बेर्ख्स्माच्या मागे रौप्य. ते एक सुवर्ण त्याला पुढेही कधी मिळालं नाही. त्याच वर्षी केमकर्स बर्फ सोडून एफसी ग्रोनिंगन या फुटबॉल क्लबात कामाला गेले.