सात फणी यंत्र अन् २७ एचपी : नोंद तिसरी

जुनं सात फणी (जमिनीत तास काढणारे सात दाते असलेलं) पेरणी यंत्र घेतल्याचं मागं लिहिलं होतंच. आपला ट्रॅक्टर २७ एचपीचा, रान औशाकडचं, काळंभोर. ओढेल की नाही यावरून पारावर दोन तट पडले. म्हटलं, यंदा मोजूनच बघू.

आडत्याकडून टनाचा लटकता काटा उसना आणला. पुढं दाजींचा मोठा ट्रॅक्टर, मधे काटा, मागं आमचा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, स्टिअरिंगवर पुतण्या. मृगाच्या पावसानंतर वाफसा (पेरणीजोगी ओल) आला तसा १४ जूनला सकाळी मुहूर्त धरला. यंत्र उचलून ओढलं तर काटा १२० किलोच्या आसपास. जमिनीत टाकलं, ५१० वर गेला. म्हणजे फणांची ओढ ३९० किलो. ताशी चार किलोमीटर धरले तर सेकंदाला १.१ मीटर, ३९० गुणिले १.१ भागिले ७५ (७५ किलोची ओढ सेकंदाला मीटरभर म्हणजे एक एचपी), जेमतेम पावणेसहा एचपी! पुतण्याला पटेना, तीनदा आकडे टाकून बघितले.

मग अडतंय कुठं? चाकात. काटा सोडला, मागच्या चाकाला चिंधी बांधली आणि आपल्याच जोरावर चालवून दहा फेरे मोजले. यंत्र वर असताना २९ मीटर, खाली असताना साडेतेवीस. १९ टक्के घसर, म्हणजे चाकाचं तेवढं फिरणं फुकट. पंधराच्या वर गेलं की डिझेल आणि टायर दोन्ही झिजवायचं काम. (बियाणं मात्र यानं कमी पडत नाही, आमच्या यंत्राचं मोजमाप त्याच्या स्वतःच्या चाकावर चालतं.)

उकरून बघितलं तर फण आठ सेंटीमीटर खोल. सोयाबीनला तीन-चार पुरे! वर घेतले, तेव्हा घसर १२ वर आली. मी खुश. खत-बियाणं भरून धुऱ्यावर वळायला यंत्र उचललं, आणि पुढची चाकं वीतभर अधांतरी. दाजी ओरडले, "आरं, खाली घे आधी!"

शेवटी मागचा भार कमी करायला कडेचे दोन फण काढले. ४५ सेंटीमीटरच्या पाच ओळी, पेट्या अर्ध्याच भरायच्या. पुढं लावायची वजनं आली की सातचा परत प्रयत्न. रिकाम्या दोन नळ्यांची तोंडं बंद केलीत, पण डावीकडून अजून दाणे सांडतायत. उद्या ती पेटी उघडायची.