सांकेतांक कुठाय?

पर्यवेक्षक म्हणून शिक्षकांची आठवड्याची टाचणं, म्हणजे पाठांची नियोजनं, तपासून सही करायचं काम माझ्याकडे आहे. शाळा दारव्हा तालुक्यातली, बहुतेक पोरं कापूस-तुरीच्या घरची. टाचणात घटक, उद्दिष्टं, साहित्य, मूल्यमापन सगळं भरलेलं असतं. पोरांनी धड्याचं पान कसं वाचायचं, हे मात्र कोणी लिहीत नाही. वाचायला शिकवणं मराठीवाल्यांचं काम, असा बाकीच्यांचा हिशेब.

त्या दिवशी दहावी 'अ'वर इतिहासाचा पाठ पाहायला बसलो. पहिलाच धडा, इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा. मॅडम वाचत होत्या, पोरं पेन्सिलीनं रेघा मारत होती. "आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण?" "व्हॉल्टेअर!" सगळा वर्ग एका सुरात. पुढे रांके आला, मूळ कागदपत्रांचा आग्रह धरणारा. त्याच्याही नावाखाली रेघ पडली. कागदपत्र एकही नव्हतं.

मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत व्हॉट्सॲपवर जुन्या पेन्शनचा जीआर आला. गणिताचे सर पेढे मागवायच्या बेतात. मॅडमनी मोबाइल घेतला आणि मजकूर सोडून थेट खाली गेल्या. "सांकेतांक कुठाय? सही कोणाची? आन् ही तारीख पाहा सर, रविवार येते." सांकेतांक म्हणजे जीआरवर छापलेला त्याचा नंबर. दोन मिनिटांत जीआर खोटा ठरून निकालात.

"मॅडम, हे तुमच्या टाचणात का नाही?"

त्या हसल्या. "हे काय लिहाचं? कोणालेही समजते."

नाही समजत. अमेरिकेत इतिहास कसा शिकला जातो याचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या लढाईची कागदपत्रं आठ इतिहासकारांना आणि हायस्कूलच्या आठ विद्यार्थ्यांना वाचायला दिली. १९९१ साली ते छापून आलं. इतिहासकार आधी लिहिणारा कोण, कधीचा, हे पाहत. विद्यार्थी बहुधा पहिल्या ओळीपासून सरळ खाली. विद्यार्थी हुशार होते, इतिहास त्यांना येत होता. मी हे सांगितल्यावर मॅडम गप्प झाल्या. गणिताचे सर मात्र म्हणाले, "आम्ही तर आधी पक्ष आन् साध्यच पाहाले लावतो." खरंय, पण त्यांच्याही टाचणात ते नाही.

सुट्टीनंतर दहावी 'ब'. मॅडमनी तोच जीआर फळ्यावर उतरवला, जसाच्या तसा, आणि खरा की खोटा एवढंच विचारलं. पोरं वरून वाचू लागली. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी सातबारा काढला का बाबा पह्यले तारीखच पाह्यते." मग कोणी सही शोधली, कोणी नंबर. रांकेचा परिच्छेद त्यानंतर उघडला, आणि तो पोरांना चटकन कळला. टाचणाप्रमाणे धडा संपायला हवा होता, तो अर्धाच झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला. "मंग मॅडम, हे पुस्तक कोनं लिहिलं?"

मॅडमनी पुस्तकाची सुरुवातीची पानं काढायला लावली. प्रथमावृत्ती २०१८, इतिहास विषय समिती, सदस्यांची नावं. ते पान तोवर कोणी उघडलंच नव्हतं.