हेवी रेन, पण स्ट्राँग विंड

साताऱ्यात जून लागला की माझ्या संध्याकाळच्या शिकवणीत पहिली जोडी ठरलेली: 'हेवी रेन'. उदाहरण खिडकीबाहेर कोसळतच असतं.

मुलं हमखास 'बिग रेन' लिहितात. आपल्याकडे मोठा पाऊस होतो ना! अर्थ पोचतो, पण इंग्रजी बोलणारे तसं म्हणत नाहीत. मग फळ्यावर वाक्यं येतात. 'वी हॅड हेवी रेन लास्ट नाइट.' 'द मॅच वॉज कॅन्सल्ड बिकॉज ऑफ हेवी रेन.' क्रियापद हवं तर 'इट रेन्ड हेविली ऑल डे.' 'रेन'च्या आधी 'अ' नको हे सांगून माझा घसा बसतो, आणि लगेच 'अ हेवी शॉवर' चालतं म्हटलं की मागच्या बाकावरून निषेध.

वारा आला की सगळे 'हेवी विंड' करतात. तिथे 'स्ट्राँग विंड'. चहाही स्ट्राँग. ट्रॅफिक मात्र हेवी, सिगारेटी फुंकणाराही हेवी स्मोकर. नियम विचारू नका, जोड्या पाठ करा, असं मी सरळ सांगते.

जे. आर. फर्थ हे भाषाशास्त्रज्ञ १९२०च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकवत. शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून, असं त्यांनी १९५७ साली लिहिलं. आमच्या आज्या माणसांबद्दल हेच सांगायच्या.

गृहपाठ होता, घरातल्या कुणावर तरी 'हेवी' वापरून वाक्य. एकीने लिहिलं, 'माय ग्रँडफादर इज अ हेवी स्लीपर, इव्हन इन हेवी रेन.' पूर्ण मार्क दिले.