चौथा रकाना

धाकट्याच्या थेरपिस्टबाईंनी जूनमध्ये एक वही घालायला सांगितली. रकाने तीन: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. तो नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलणं मोजकं. कशानं बिनसलं ते त्याला सांगता येत नाही, म्हणून आपण हुडकायचं. वही कामाला आली. संध्याकाळच्या चावण्यामागे आमच्या कुकरची शिट्टी आणि वरच्यांचा मिक्सर निघाला. आता भात दुपारीच लावते. सासूबाईंना तो शिळा वाटतो, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

ऑगस्टमध्ये वही चाळताना तिसऱ्या रकान्यात एकच नाव सारखं दिसायला लागलं. ‘ताईनं खिडकी लावली.’ ‘ताईनं त्याचे हात धरले.’ ‘ताईला ओरखडा, हळद लावली.’ ताई तेरा वर्षांची आहे. डोंबिवलीतलं आमचं वन बीएचके, आत जाऊन दार लावून घ्यावं तर ती खोलीही त्याचीच.

त्याच आठवड्यात त्यानं तिचं स्थिरचित्र फाडलं. इलेमेंटरीच्या सरावाचं, तांब्या, दोन वांगी आणि मागे घडी पडलेला पडदा. त्या पडद्यावर तिचे तीन दिवस गेले होते. ती म्हणाली, “असू दे, परत काढीन,” आणि तुकडे गोळा करायला लागली. मी म्हटलं, “किती गं समजूतदार माझी बाय.”

तिनं तुकडे तिथेच टाकले. “तो चावला की वहीत लिहितेस. मी रडले की म्हणतेस, आता तू नको सुरू करूस.”

हे मी खरंच म्हणते. म्हणजे म्हणायचे.

रात्री पट्टी घेऊन वहीत चौथी रेघ मारली. वर लिहिलं: ताई तेव्हा कुठे होती? पहिल्या आठवड्याचं वाचून नवरा बराच वेळ गप्प बसला. मग स्वतःच जाऊन तिच्या कपाटाला कुलूप बसवून आला. किल्ली एकच, तिच्याकडे. आणि ठरलं की तो भडकला की तिनं हात धरायला यायचं नाही. दप्तर उचलायचं आणि समोरच्या काकूंकडे जायचं. काकूंना आधीच सांगून ठेवलंय, त्या काही विचारत नाहीत, टीव्हीचा आवाज तेवढा कमी करतात.

शनिवारी संध्याकाळी बाप-लेक स्टेशनच्या पुलावर लोकल बघायला जातात आणि आम्ही दोघी बाहेर पडतो. मला वाटलं होतं, पोरगी भडाभडा बोलेल. पहिल्या शनिवारी तिनं शेवपुरी खाल्ली, अजून एक मागवली, आणि पाऊण तास गप्प. मी तीनदा “बोल ना” म्हटलं. चुकलंच माझं.

गौरीला आत्या आल्या होत्या. तिच्यासमोरच म्हणाल्या, “तुम्हाला काय काळजी, तुमच्यानंतर ही आहे ना त्याचं बघायला.” मी हसून विषय बदलला, याची लाज वाटते. नंतर भांडी घासताना तिला सांगितलं की १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्याखाली तो अठराचा झाल्यावर त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. पालक बहीणच असली पाहिजे असं नाही, दुसरे नातेवाईक किंवा नोंदणी झालेली संस्थासुद्धा चालते.

“मग कोण होणार?”

“आम्ही शोधतोय.”

ताट विसळत ती थोडा वेळ थांबली. “पण मला विचाराल ना?”

परवा मोठा दंगा झाला. पाऊण तास. मी रात्री लिहायला बसले तर चौथा रकाना आधीच भरलेला होता, तिच्या अक्षरात:

‘काकूंकडे. काही केलं नाही. थालीपीठ खात होते.’