सर, तुमची वही कुठंय?

नववीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत स्वमताचा प्रश्न असतो. उतारा वाचून मुलाला स्वतःला काय वाटलं, ते त्यानं आपल्या शब्दांत लिहायचं. आमच्या प्रशालेतली मुलं हे स्वमत गाईडमधून पाठ करून येत. सगळ्या वर्गाचं स्वमत काना-मात्र्यासकट एकसारखं यायचं आणि मी त्याला गुण द्यायचो. काही वर्षांनी त्या उत्तरपत्रिका तपासताना मला आतून लाज वाटायला लागली, कारण गाईड नव्हतं तेव्हा तेच काम मी फळ्यावर करत होतो. धडा मी वाचायचो, अर्थ मी सांगायचो, कोणतं पात्र थोर ते मी ठरवायचो. मुलं माना डोलवायची.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे. दसरा झाला की गावात ट्रक आणि ट्रॅक्टर लागायला लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी टोळीनं सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याबरोबर लहान लेकरंही जातात, आणि मोठ्यांपैकीही काही जातातच, कारण कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. हंगामी वसतिगृह आहे, आजी-आजोबा असतात, तरी दिवाळीनंतर माझ्या वर्गातले सात-आठ बाक रिकामे होतातच. गुढीपाडव्याच्या आसपास ते पुन्हा भरतात.

तर त्या वर्षी मी ठरवलं की नववीच्या मुलांनी एक अख्खी कादंबरी वाचायची, स्वतः. पाठ्यपुस्तकातला दोन पानांचा उतारा नाही, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. वर्गातल्या एकतीस जणांपैकी एकानंही तोवर असं पुस्तक वाचलेलं नव्हतं. निवडली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ची कादंबरी, पण लहान आहे, वाक्यं आखूड आहेत, आणि औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरवाडीत नेमणूक झालेला तरुण मास्तर ती सांगतो. माणदेश आमच्यापासून लांब असला तरी पाण्याची गोष्ट तीच. शाळेच्या कपाटात दोन प्रती होत्या, आणखी नऊ मी आणल्या. एकाच वस्तीवरच्या तिघांत एक प्रत, म्हणजे पुस्तक संध्याकाळी एका घरून दुसऱ्या घरी जाईल.

प्रत्येकाला एक शंभरपानी वही दिली. उघडलेल्या वहीच्या डाव्या पानावर पुस्तकातली जागा लिहायची: वाक्य, प्रसंग, पान क्रमांक. उजव्या पानावर तिथं आपल्या मनात काय आलं ते. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं ठिपका द्यायचा आणि पुढं जायचं. दोन पानं पुढं जाऊनही अर्थ लागला नाही तर सोबत्याला विचारायचं, सोबत्याला नाही आला तर वर्गाला. मला सगळ्यात शेवटी. हा शेवटचा नियम मुलांपेक्षा मलाच जड गेला.

पहिल्या आठवड्यात वह्या गोळा केल्या. अकरा जणांच्या उजव्या पानावर एकच वाक्य होतं, ‘लेखकाने ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण केले आहे.’ कुणाच्या तरी मोबाइलवरून ते सगळीकडं फिरलं होतं. रागावण्याआधी मला माझंच कळलं, की ‘तुला काय वाटलं’ हा प्रश्न या मुलांना आजवर खऱ्या अर्थानं कुणी विचारलेलाच नाही. त्यामुळं त्यांना तो कळतही नाही. वाटण्याचीही एक बरोबर आणि एक चूक बाजू असते आणि बरोबर बाजू सरांना माहीत असते, अशी त्यांची समजूत होती, आणि ती आम्हीच करून दिलेली.

मग प्रश्नच बदलले. वाचताना कुठं थांबलास? कुणाचा राग आला? काय पटलं नाही? आणि ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही असा एक प्रश्न लिही. बस्स.

याचा परिणाम हळूहळू दिसायला लागला. एका धनगराच्या मुलानं, जो वर्गात कधी तोंड उघडत नसे, मेंढरांच्या गोष्टी आल्या तसा भाव खायला सुरुवात केली. रात्री मेंढरं कोंडायच्या जाळ्याला घरी वाघूर म्हणतात, लोकर कधी कातरतात, मेंढका पावसात झोपतो कसा, हे मधल्या सुट्टीत लोक त्याच्याकडं विचारायला जात. एका मुलीनं लिहिलं, ‘मास्तर रोज जेवतो काय आणि करून कोण घालतं, हे मी शोधत होते.’ मराठीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. दोघी-तिघींना तो पडला होता, कारण त्यांच्या घरी तो रोजचा आहे.

आणि मग दसऱ्याच्या आधीचा शनिवार आला. सकाळची शाळा. बाक भिंतीला लावले, मुलं गोल बसली. मी मागं खिडकीशी बसलो आणि सांगितलं की आज मी बोलणार नाही, तुम्ही बोला.

कुणी बोलेना. वर्गातली पाच मिनिटांची शांतता किती लांब असते ते शिकवणाऱ्यालाच माहीत. दोनदा माझ्या तोंडातून वाक्य निघता निघता राहिलं. शेवटी लाल रिबीन बांधलेली एक मुलगी वही उघडून म्हणाली, “मी शेकूच्या बायकोपाशी थांबले.”

ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना तो प्रसंग आठवेल. शेकूकडं एकच बैल असतो, पेर खोळंबलेली असते, आणि त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घेते. हा प्रसंग मी वर्षानुवर्षं बाईच्या ताकदीचा आणि निष्ठेचा म्हणून सांगत आलो होतो.

ती मुलगी म्हणाली, “सगळे म्हनतेत लई भारी बाई. माझी आई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढती. तिलाबी लोक भारी म्हनतेत. पन रात्री तिची मान वळत नाही, ते कुनी बघत नाही.”

समोरून एक मुलगा म्हणाला, “तिनं स्वतःहून केलं ना पन. कुनी जबरदस्ती नाही केली.”

“दुसरा बैल असता तर केलं असतं का?”

“पुस्तकात तसं नाही लिहिलं.”

“काय लिहिलंय मग? पान काढ.”

आणि अकरा प्रतींची पानं एकदम फडफडली. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. तीन-तीन डोकी एका पुस्तकावर वाकली. एक जण वाचून दाखवायला लागला, दुसरीनं त्याला थांबवलं, “ह्याच्या आधीपासून वाच, आधी काय झालं ते बघ.” संदर्भासह स्पष्टीकरण द्या, असं मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो. त्याचा अर्थ त्या दिवशी त्यांनी आपला आपण शोधला, भांडता भांडता. प्रसंग थोर की वाईट याचा निकाल लागला नाही. मुलगा आपल्या जागी ठाम राहिला, मुलगी आपल्या. मला तो निकाल द्यायचा मोह झाला होता, आणि तो मी दिला नाही याचं आजही समाधान वाटतं.

पुढं गाडी कादंबरीतल्या अंजीवर आली. तिच्या चोळीच्या कामावरून वाडीच्या प्रमुखाच्या, कारभाऱ्याच्या मनात मास्तराबद्दल अढी बसते. मुलगे कारभारी बरोबर की मास्तर यावर वाद घालत होते. एक मुलगी एवढंच म्हणाली, “अंजीला कुनी विचारलं का?” मुलं गप्प झाली. मुली मात्र बराच वेळ आपसांत बोलत राहिल्या. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

दाराजवळ बसलेल्या एका मुलाची वही जवळपास कोरी होती. तीन हंगाम तो आईबापाबरोबर फडावर जाऊन आलेला, वयानं वर्गापेक्षा थोडा मोठा. शेवटच्या पानावर त्यानं एकच ओळ लिहिली होती, ‘मला हे पुस्तक आवडलं नाही.’ आठवडाभरापूर्वी ती वाचून मला वाईट वाटलं होतं. वाचलंच नसेल, असंही मनात येऊन गेलं होतं. त्या दिवशी शेजारच्यानं त्याला डिवचलं, “सांग की, का नाही आवडलं?”

तो आधी जमिनीकडं बघत राहिला. मग म्हणाला, “दुष्काळ पडतो, सगळं गाव उठतं, आन् पुस्तक संपतं. त्यांचं गाव एकदा उठलं तर त्याची कादंबरी झाली. आमचं दरसाल उठतंय.”

कुणी काही बोललं नाही. तोच पुढं म्हणाला, “आन् मास्तर निघून जातो. पोरं कुठं गेली, त्यांची शाळा कुठं, त्याला कायबी ठाऊक नाही. त्यानं निदान विचारायचं तरी.”

त्यानं पुस्तक वाचलं होतं. शेवटपर्यंत, आणि माझ्यापेक्षा बारकाईनं. ‘बनगरवाडी’चा शेवट मला कायम सुंदर वाटत आला आहे. ओस पडलेली वाडी, बंद शाळा, वाटेला लागलेला मास्तर. आजही सुंदर वाटतो. पण तो मास्तराच्या बाजूनं लिहिलेला शेवट आहे, आणि दाराशी बसलेला मुलगा तो गेलेल्या पोरांच्या बाजूनं वाचत होता. माडगूळकरांनी जे सांगितलं नाही तिथं बोट ठेवणं म्हणजे पुस्तक न कळणं नव्हे. तितकं पुस्तकाच्या आत शिरल्याशिवाय ती जागा दिसतच नाही.

तेवढ्यात लाल रिबीनवाली माझ्याकडं वळली. “सर, तुमची वही कुठंय?”

मुलांना वही दिली त्या दिवशी मी स्वतःसाठीही एक ठेवली होती आणि तसं वर्गात सांगितलंही होतं. मी ती काढली. शेवटाबद्दल माझ्या उजव्या पानावर लिहिलेलं होतं: ‘अत्यंत परिणामकारक व संयत शेवट. निसर्गापुढे माणसाची हतबलता.’ मी ते वाचून दाखवलं. मुलं थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग दाराशी बसलेल्या मुलानं, अगदी साधेपणानं, मीच दिलेला प्रश्न मला विचारला, “पन तुम्ही कुठं थांबलात, सर?”

मला उत्तर द्यायला वेळ लागला. मी त्यांना हजेरीपत्रकाबद्दल सांगितलं. दरवर्षी दिवाळीनंतर गेलेल्या मुलांच्या नावासमोर मी ‘स्थलांतरित’ असा शेरा लिहितो आणि पान उलटतो. कोण कोणत्या कारखान्याला गेलं, कुठल्या गावच्या शिवारात कोपी पडली, हे मी एकदाही लिहून ठेवलेलं नाही. त्या मास्तराला ठाऊक नव्हतं तसं मलाही ठाऊक नसतं. मी म्हणालो, “मी आत्ता थांबलोय. तू बोललास तिथं.”

शाळा सुटल्याची घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत. शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले तेव्हा कुठं बाक जागेवर गेले.

त्यानंतर सगळी उत्तरं बदलली असं काही झालं नाही. सहामाहीत पुष्कळांनी पुन्हा गाईडमधलंच लिहिलं, कारण गुण तिथं खात्रीचे असतात, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. पण आठ-दहा उत्तरपत्रिकांत अशी वाक्यं होती जी त्या मुलांशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती. मी ती दोनदा वाचली.

दाराशी बसणारा मुलगा त्याही वर्षी गेला. वसतिगृहात राहा म्हणून मी त्याच्या वडिलांना भेटलो होतो. पण घरी लहान बहीण होती आणि तिला बघायला दुसरं कुणी नव्हतं. जाताना मी पुस्तकाची प्रत पुढं केली. त्यानं ती घेतली नाही. वही मात्र दप्तरात ठेवली.

पाडव्यानंतर चार दिवसांनी तो वर्गात आला, उन्हानं रापलेला. मधल्या सुट्टीत त्यानं वही माझ्या टेबलावर ठेवली. मी उघडली. तारखा, गावांची नावं, कोपी पडली त्या शिवारांची नावं, किती दिवस राहिले, जवळ शाळा होती की नव्हती, बहिणीला ताप आला ते दोन दिवस. पहिल्या ट्रकपासून परतीच्या ट्रकपर्यंत, ओळीनं लिहिलेलं.

“तुम्ही म्हनला होता ना, कुठं जातेत ते ठाऊक नसतं,” तो म्हणाला. “डावीकडं लिहायचं का उजवीकडं ते कळंना. म्हनून दोन्हीकडं लिवलं.”