बेलितुंगला मगर बघायला गेले होते

जकार्ताहून इंडोनेशियातल्याच बेलितुंग बेटावर जायला विमानाने जेमतेम तास लागतो, आणि मी तिथे गेले ते, खरं सांगायचं तर, एका मगरीसाठी. आंद्रेआ हिराताची 'लास्कार पलांगी' ही याच बेटावर घडणारी 2005 ची कादंबरी मी इंग्लिशमधून वाचलेली. त्यात लिंतांग नावाचा कोळ्याचा पोरगा रोज सायकल हाणत शाळेत येतो, जाऊन येऊन 80 किलोमीटर, आणि एकदा वाटेत नारळाच्या झाडाएवढी मगर आडवी पसरलेली! ती मगर डोक्यातून जाईना.

पहिले दोन दिवस बीचवर गेले. तांजुंग तिंग्गीला घराएवढाले ग्रॅनाइटचे दगड आहेत, कादंबरीवरच्या 2008 च्या सिनेमाचं शूटिंग तिथेच झालेलं, त्यामुळे प्रत्येक दगडावर कोणीतरी पोझ देऊन उभं. असो.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरने काओलिन लेकला नेलं. पांढरेशुभ्र काठ आणि मधे असं निळं पाणी की फोटोला फिल्टर लावायची गरजच नाही. मी धडाधड चाळीसेक फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकलेसुद्धा, "स्वर्ग!" म्हणून. मग कळलं की हा तलाव वगैरे नाही, चिनीमातीच्या खाणीचा खड्डा आहे. मला स्वतःचाच राग आला, कारण अख्खी कादंबरी दुसरं काय सांगते? हे जगातल्या श्रीमंत कथलाच्या बेटांपैकी एक, पण एका बाजूला खाण कंपनीची बंगलेवाली कॉलनी, बाहेर 'हक्क नसलेल्यांना प्रवेश बंद' अशी पाटी, आणि दुसऱ्या बाजूला पडायला आलेली शाळा. आपल्याकडे गोव्यात डिचोलीच्या बंद खाणींतलं पाणी बघून मी हळहळते, इथे मात्र डायरेक्ट स्वर्ग.

इंडोनेशियन कादंबऱ्यांचं मला हेच आवडतं, त्यात निसर्ग नुसता मागे पडदा लावल्यासारखा नसतो. अहमद तोहारींची 'रोंगेंग दुकुह पारुक' सुरू होते तीच दुष्काळात पाणी शोधत उडणाऱ्या बगळ्यांपासून. मोख्तार लुबिसच्या 'हरिमाउ! हरिमाउ!'मध्ये डिंक गोळा करायला जंगलात गेलेल्या माणसांच्या मागे वाघ लागतो आणि भीतीपोटी एकेकाची पापं बाहेर पडतात. आपण ट्रॅव्हल ब्लॉगवाले मात्र अजून "नयनरम्य"च्या पुढे सरकलेलो नाही, मीसुद्धा त्यातलीच.

ड्रायव्हरकाकांना, म्हणजे तिकडच्या भाषेत 'पाक', हे सगळं तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. त्यांना कादंबरीत काडीचा इंटरेस्ट नव्हता. त्यांचे वडील खाणीवर होते, 1985 ला जगात कथलाचा भाव कोसळला आणि नंतर नोकरी गेली, एवढं बोलून त्यांनी रेडिओ लावला.

गांतुंगला कादंबरीतल्या शाळेची प्रतिकृती बघितली, तिकडे मरणाची गर्दी. परत येताना चप्पल चिखलाने भरलेली म्हणून रस्त्याकडेच्या एका डबक्यापाशी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून पाय पाण्यात घालते तोच पाक गाडीतून ओरडायला लागले, "बू! बू!" बू म्हणजे बाई, मला वाटलं उशीर होतोय. तर म्हणे हा 'कोलोंग' आहे, कथलाचा जुना खड्डा, नदीतल्या मगरी हल्ली अशा खड्ड्यांतही येतात.

चप्पल तशीच चिखलाची घालून एअरपोर्टवर गेले.