ग्रहणाची तारीख आणि माझी पहिली रहस्यकादंबरी

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी रहस्यकथा लिहायला घेतली की पहिला अडथळा मोबाइलचा येतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश, फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आला, सायकलवर टांग टाकून वाटेल तिथे गेला, आणि त्याला कुणी फोन करून "कुठे आहेस?" विचारलं नाही. आजच्या मुलाला आई दर अर्ध्या तासाने विचारते. शिवाय कोडं पडलं की डोकं खाजवत बसायची गरज नाही, मोबाइलवर शोधलं की झालं. "रेंज गेली असं दाखवा की," असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. कोकणात ते खपूनही गेलं असतं. पण ऐन संकटात दर वेळी रेंज जायला लागली की लेखिकेची लबाडी मुलं दुसऱ्याच प्रकरणात ओळखतात.

मला वाट दाखवली विजयदुर्गाने. माझं आजोळ पडेलचं, त्यामुळे किल्ला लहानपणापासून पायाखालचा. तिथे दगडी चौथरे आहेत, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाला नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या ओट्यांवर दुर्बिणी लावल्या आणि हेलियमचा शोध लागला, अशी गोष्ट आम्ही ऐकत आलो. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. कादंबरी तिथे घडवायची म्हणून मी नीट वाचायला बसले आणि गोष्टीचे सांधे खिळखिळे व्हायला लागले. 1868 चं ते ग्रहण पाहायला फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आला होता, पण आंध्रात गुंटूरला. जमखंडीला हर्शेल घराण्यातला एक लष्करी अधिकारी यंत्रं लावून बसला होता. लॉकियर मात्र इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटातली, पुढे हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेघ त्याने पाहिली ऑक्टोबरात, लंडनमधून, ग्रहण नसताना. विजयदुर्गाला तो आला हे अगदी खरं, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. मेल्पोमिनी नावाची आरमारी बोट त्याच्या दिमतीला होती आणि तिचे खलाशी यंत्रं उभारायला हाताशी होते.

तीस वर्षांचा फरक! आणि मोबाइलवर शोधलं तर ठिकठिकाणी 1868 च समोर येतं. म्हणजे माझ्या गोष्टीतल्या मुलांच्या हातात मोबाइल खुशाल द्यायचा. तोच त्यांना चकवणार.

मग कादंबरी शेवटाकडून बांधली. (शेवट इथे फोडतेय, प्रकाशकांनी माफ करावं.) गावात एक पाहुणा येतो. त्याच्याकडे लॉकियरची म्हणून दाखवायला एक जुनी पितळी दुर्बीण असते, तिच्यावरच्या पट्टीवर बोटीचं नाव आणि 1868 हे साल कोरलेलं. ती तो मुंबईच्या एका संग्राहकाला मोठ्या किमतीला विकणार असतो, आणि ती आपल्याला गावातल्याच एका घरात सापडली असं सांगून त्या घरातल्या आजींना गोत्यात आणतो. मुलं मोबाइलवर पाहतात: साल बरोबर, साहेबाचं नाव बरोबर. माणूस खरा वाटतो. पण मेल्पोमिनी बोट मुळात पाण्यात उतरली 1888 साली. 1868 मध्ये ती विजयदुर्गाला येईलच कशी?

हे सुचल्यावर काम सोपं होईल असं वाटलं होतं. खरी मेहनत पुढे होती. बोटीचं नाव वाचकाच्या डोळ्यांसमोर लवकर यायला हवं, पण त्याने थांबून विचार करू नये इतकं सहज. ते मी आजींच्या ट्रंकेतल्या एका पिवळ्या पडलेल्या कागदावर टाकलं आणि त्याच पानावर ट्रंकेतून उंदीर पळवला. मुलं उंदराच्या मागे गेली, नाव मागे राहिलं. शोध लावणाऱ्या मुलीला जे ठाऊक आहे ते वाचकालाही आधी मिळालंच पाहिजे, हा नियम मी कुठेही मोडला नाही. या वयाचा वाचक फसवणूक पकडण्यासाठी पानं मागे उलटतो. मोठी माणसं एवढे कष्ट घेत नाहीत.

खून नको हे आधीच ठरलं होतं. मुलं घाबरतील म्हणून नाही, टीव्हीवर त्यांनी भरपूर पाहिलेले असतात. पण खून झाला की पोलीस येतात आणि मग मुलांना गोष्टीत काही कामच उरत नाही. चोरी, तोतयेगिरी, खोटा आळ यांत मोठी माणसं "बघू, करू" म्हणत राहतात, आणि तेवढ्या वेळात मुलांना धावपळ करता येते.

पहिला खर्डा मी एका शाळेत सहावीच्या वर्गासमोर वाचला. रोज शेवटच्या तासाला एक प्रकरण. बाकांवरची चुळबुळ कुठे सुरू होते याच्या खुणा पेन्सिलने समासात करत गेले. तिहेरी तटबंदीचं, जांभ्या दगडाचं, वाघोटन खाडीवरच्या संध्याकाळचं वर्णन मला फार आवडलं होतं. तिथे सगळा वर्ग खिडकीबाहेर. ते चार ओळींवर आणलं. उलट समुद्रात पाण्याखाली भिंत आहे हे मी जाता जाता सांगितलं होतं, तर तिथे हात वर झाले. भिंतीला मग स्वतंत्र प्रकरण मिळालं. एका मुलाला फक्त गोष्टीत कुत्रा आहे का एवढंच हवं होतं. आता आहे.

पण त्या वर्गातून मला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट वेगळी. पाहुणा दुर्बिणीची कहाणी सांगतो ते प्रकरण संपलं आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, ऑगस्टात कोकणात सूर्य दिसतो?" वर्ग हसला. मी हसले नाही. भर पावसाळा, उधाणलेला समुद्र, आणि साहेब एवढी नाजूक यंत्रं घेऊन उघड्या किल्ल्यावर! आकाश एखाद्या दिवशी उघडतं, त्यामुळे हा काही पुरावा नव्हे. पण संशय यायला एवढं पुष्कळ आहे. जहाजाच्या सालापर्यंत मुलं कशी पोचतात हा माझा अडलेला सांधा त्या प्रश्नाने सुटला. आता कादंबरीतली मुलगी नेमकं हेच विचारते, तेही मुसळधार पावसात खोपीखाली उभी राहून.

प्रकाशकांकडचा भाग लवकर सांगून टाकते. एकाने "यात बोध काय?" विचारलं. दुसऱ्याने गावाची समजूत चुकीची दाखवल्यास लोक नाराज होतील म्हणून हस्तलिखित परत केलं. ही शंका मलाही छळत होती, म्हणून शेवटच्या प्रकरणात मुलं गावाला जे सांगतात त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. हेलियम पृथ्वीवर रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला सापडला 1895 मध्ये. म्हणजे लॉकियर विजयदुर्गाला आला तेव्हा सूर्यावर नवं मूलद्रव्य आहे हे त्याचं भाकीत नुकतंच खरं ठरलेलं होतं. गावात आला तो एक गाजलेला माणूस. ओटे खरे, साहेब खरा, साल तेवढं बदलायचं. हे ऐकून गावाने मान खाली घालायचं काही कारण नाही.

तिसऱ्याने घेतली. छपाईच्या सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत, म्हणजे फॉर्मांत, बसवण्यासाठी मजकूर कापून सात फॉर्मांवर आणला, अक्षर चौदा पॉइंट ठेवायचा हट्ट मात्र सोडला नाही. चित्रकाराने ग्रहणाच्या आदल्या रात्रीचं देखणं चित्र काढलं, किल्ल्यावर टपोरा चंद्र. सूर्यग्रहण अमावास्येला होतं, तेव्हा चंद्र खोडावा लागला. बिचारा हळहळला.

पुस्तक आल्यावर एका वाचकाने विचारलं, 1898 चं ते ग्रहण फक्त विजयदुर्गालाच दिसलं का? नाही. सावली किनाऱ्यावरून आत सरकली. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यंत्रं मांडून बसले होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा तळही तिथेच होता. नायगमवालांची पुण्यातली वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली आणि तिथली वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पेट्यांमध्ये भरून, इतक्या लांब. वाटेत एक पेटी कमी भरली तर? सध्या मी त्या काळच्या रेल्वेच्या वेळापत्रकांत अडकले आहे.